केझाया फिअरीपाशी ठेवलेली बाळं

मेव्हिस सेचेलचा जन्म वाकण्यात गेला. बटाटे वेचायला वाकायचं, बीट उपटायला वाकायचं, स्ट्रॉबेरीच्या दिवसांत तर मातीला नाक लागेपर्यंत वाकायचं. आधी शेतमजूर बायांच्या टोळीत, मग पोरगी मोठी झाल्यावर गावाबाहेरच्या मटार डबाबंद करायच्या कारखान्यात. हॅडनी गावातल्या बायकांचं आयुष्य असंच जायचं, त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. साठीला कारखान्यानं निरोप दिला, तेव्हा नवरा रेग म्हणाला, "आता तरी ताठ उभी राहा बाई. एवढं मोठं आभाळ आहे डोक्यावर, तू कधी बघितलंसच नाही."

"आभाळाशिवाय आहे काय इथं बघायला?" मेव्हिस म्हणाली.

तेही खरंच. हॅडनीच्या चारी बाजूंना काळी, सपाट जमीन. तिला चिरत गेलेले सरळ पाण्याचे चर, आणि चरांच्या काठानं जाणारे, पावसाळी दिवसांत लोण्यासारखे मऊ होणारे रस्ते. हे पाणी सतत उपसावं लागतं, नाहीतर जमीन पुन्हा दलदलीत जाईल. रेग त्या उपसण्याच्या पंपावरच नोकरीला होता.

घरात तिसरं माणूस म्हणजे मेव्हिसची आई, ऑलिव्ह. पडून कंबर मोडल्यापासून ती लेकीकडेच होती. चौऱ्याऐंशीची, चिमणीएवढी, पण स्वच्छ आणि हातानं अजून चपळ. तिचं गावात एक नाव होतं. कितीही रडवं पोर ऑलिव्हच्या मांडीवर आलं की गप्प होतं, असं सगळे म्हणत. दोन पिढ्यांच्या बायकांनी कामाला जाताना आपली तान्ही तिच्याकडे टाकली होती. आता मेव्हिसची मुलगी जॅनिस फुलं बांधायच्या शेडमध्ये कामाला लागली, आणि तिची जेम्मा सकाळी आजीकडे येऊ लागली, तेव्हा ऑलिव्हच्या अंगात पुन्हा जीव आला. बाबागाडी शेगडीजवळ, आणि बाबागाडीजवळ ऑलिव्हची खुर्ची.

"काय गुणाची पोर आहे," मेव्हिस संध्याकाळी जॅनिसला सांगायची. "पणजीजवळ दुपारभर निजते."

"आणि माझ्याजवळ? रात्रभर जागते," जॅनिस म्हणायची. "काय जादू करता गं तुम्ही दोघी?"

मेव्हिसला पूर्वजांचा नाद लावला तो पर्ल सॅलाबँकनं. पर्ल कारखान्यात मटारच्या सरकत्या पट्ट्यावर वर्षानुवर्षं तिच्या शेजारी उभी राहिलेली. आवाज असा की यंत्रं चालू असतानाही ऐकू यावा. निवृत्त झाल्यावर पर्ल दर मंगळवारी नि गुरुवारी बसनं शहरातल्या ग्रंथालयात जायला लागली. तिथं जुन्या शिरगणतीची रिळं एका यंत्रावर लावून वाचता येत, आणि दाखले हवे असले तर निबंधकाच्या कचेरीतून मागवता येत.

"माझ्या घराण्यात एखादा लॉर्ड निघाला ना," पर्ल म्हणाली, "तर तुला माझ्या दारात झाडायला ठेवीन."

"तुझ्या घराण्यात निघालाच तर कोंबडीचोर निघेल."

"मग चल ना बघायला! तुझे कोण निघतात तेही बघू."

मेव्हिस गंमत म्हणून गेली आणि अडकली. एकशेएक वर्षांपूर्वीच्या शिरगणतीची रिळं त्याच वर्षी लोकांना बघायला मोकळी झाली होती. पडद्यावर कुणा कारकुनाचं तिरकं, घाईचं अक्षर सरकत होतं, आणि त्यात एकदम तिच्या आईच्या आईचं नाव आलं. हॅरिएट, वय पंधरा, शेतमजूर. आजीचा एक फोटोसुद्धा घरात नव्हता. थडग्यावर दगड नव्हता. तिच्या घरच्या कुणाला सही करता येत नव्हती. आणि तरी कुणीतरी चिखलातून चालत त्या झोपडीपर्यंत गेला होता, दार ठोठावलं होतं, आणि आत कोण कोण आहे ते विचारून लिहून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी ती आईजवळ बसली. "आई, तुझी आई पंधराची असताना कुठं राहायची ठाऊक आहे? बँक एंडच्या झोपडीत. तिच्या आईजवळ, तुझ्या केझाया आजीजवळ."

ऑलिव्ह वाटाणे सोलत होती. हात थांबले नाहीत. "हे तुला कुणी सांगितलं?"

"सरकारी कागदात आहे."

"सरकारला काय कळतंय. गाडलेली माणसं गाडलेलीच बरी, मेव्हिस. उकरलीस तर वास येईल."

मेव्हिस हसली. म्हातारी माणसं असंच बोलतात. पण त्यानंतर तिनं काही विचारलं की ऑलिव्हला ऐकू येईनासं व्हायचं, आणि शेगडीवर किटली ठेवली की लगेच ऐकू यायला लागायचं.

केझाया फिअरीचं पान मेव्हिसनं पुन्हा काढून बघितलं. विधवा, घराची प्रमुख. पुढे धंद्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'नर्स'.

"पर्ल! अगं, आमच्यात नर्स होती!"

"सही न येणारी नर्स?" पर्ल तिच्या खांद्यावरून वाकली. "हॉस्पिटल होतं का तेव्हा इथं? नर्स म्हणजे पोरं सांभाळणारी गं. बघ ना खाली."

खाली हॅरिएटच्या नावाखाली आणखी तीन नावं होती, तिन्ही वेगवेगळ्या आडनावांची, तिन्ही वर्षाच्या आतली. नात्याच्या रकान्यात 'सांभाळायला ठेवलेलं मूल' असं लिहिलं होतं. त्याच्या दहा वर्षं आधीचं रीळ लावलं, तर तिथंही केझाया, तीच झोपडी, आणि दुसरीच तान्ही. मेव्हिसनं त्या जुन्या रिळातल्या तान्ह्यांना नंतरच्या शिरगणतीत शोधलं. दहा-अकरा वर्षांची झालेली असायला हवी होती. आईबापांच्या घरात ती नव्हती. शेजारच्या गावातही नव्हती.

"गाव सोडून गेली असतील," मेव्हिस म्हणाली.

"एकटीच? आईबाप मागे ठेवून?" पर्ल म्हणाली, आणि आपल्या रिळाकडे वळली.

पानगळ सुरू झाली. बिटाचे ट्रक रस्त्यावर चिखल सांडत जायला लागले, आणि सकाळी चरांवर धुकं बसायला लागलं ते दुपारपर्यंत उठेना. पर्लनं मागवलेले दाखले आले. तिच्या आजीची दोन भावंडं लहानपणी गेली होती, त्यांचे मृत्यूचे दाखले. पर्लनं ते ग्रंथालयातल्या टेबलावर पसरले.

"हे बघ. कारण, आकडी. डॉक्टरचा शेरा नाही. माहिती देणारी, केझाया फिअरी, मृत्यूसमयी हजर. आणि सहीच्या जागी फुली." पर्ल मोठ्यानं हसली. "तुझी पणजी आणि माझ्या आजीची भावंडं एका छपराखाली होती की! आपण नातेवाईकच म्हण."

"आणि हा दुसरा?"

पर्लनं दुसरा कागद डोळ्यांजवळ नेला. ती हसायची थांबली. "जन्मापासूनचा अशक्तपणा. केझाया फिअरी. हजर."

टेबलाच्या पलीकडे डोरीन नावाची एक बाई बसायची, पलीकडच्या दलदलीतल्या गावची. तिनं मान वर केली. "काय नाव म्हणालात?"

"केझाया फिअरी."

डोरीननं आपल्या पिशवीतून एक पाकीट काढलं, त्यातून एक कागद. "मला वाटत होतं ही आमच्याच नात्यातली कुणीतरी," ती म्हणाली, आणि कागद त्या दोघींच्या कागदांशेजारी ठेवला. त्यावरही तीच फुली होती. एक रेघ सरळ, एक वाकडी.

त्या दिवशी बसमध्ये पर्ल खिडकीबाहेर बघत होती. पर्ल गप्प बसली की काहीतरी बिघडलेलं असायचं, हे मेव्हिसला मटारच्या पट्ट्यापासून ठाऊक होतं.

"आमची आजी," पर्ल शेवटी म्हणाली, "आम्ही फार रडलो ना, की म्हणायची, गप्प बसा, नाहीतर केझी येईल. आम्हाला वाटायचं केझी म्हणजे कुठली तरी बागुलबाई. चरात राहणारी."

"पोरांना भिववायला काहीही सांगतात."

"हो. काहीही." पर्ल अजून बाहेरच बघत होती. "तुझ्या पणजीनं आमचं अर्धं खानदान निजवलं, मेव्हिस."

"तुझ्या अर्ध्या खानदानाला पुरून तूच उरलीस ना!" मेव्हिस भडकली. "शंभर वर्षांपूर्वी पोरं मरत नव्हती का? सगळ्यांचीच मरत. मग त्याचं खापर एका अडाणी म्हातारीवर फोडायचं?"

दोघी आपापल्या थांब्यावर उतरल्या, मागे वळून न बघता.

पुढच्या मंगळवारी मेव्हिस मुद्दाम आधीच्या बसनं गेली. जेम्मा आईजवळ होती. सकाळी जरा कुरकुरत होती, दात येत होते. पोरगी दिवसभर किरकिर करणार असं वाटून मेव्हिस दारात थबकली होती, तेव्हा ऑलिव्हनं तिला हातानं घालवून दिलं. "जा तू तुझ्या मेलेल्यांकडे. जिवंतांचं मी बघते."

ग्रंथालयात डोरीन होती. थोड्या वेळानं पर्लही आली, आणि काही झालंच नाही अशा थाटात मेव्हिसशेजारी बसली. तेवढी समजूत दोघींना पुरली.

"मी माझ्या आत्याला फोन केला होता," पर्ल हळू आवाजात म्हणाली. "नव्वदीची आहे, पण डोकं शाबूत. म्हणाली, केझी मारत-बिरत नव्हती कुणाला. बोंडांचा काढा द्यायची."

"कसली बोंडं?"

"पांढरी गं. अफूची. बागेत लावायच्या तेव्हा सगळ्याच. म्हातारे हिवतापावर घ्यायचे, बिअरमध्ये घालून प्यायचे. तान्ह्यांना चमचाभर दिलं की आया टोळीत गेल्या तरी पोर रडत नसे. आत्या म्हणाली, झोपलेली पोरं दूध मागत नाहीत. मग वाळत जातात. एखाद्या दिवशी उठतच नाहीत."

मेव्हिस पडद्याकडे बघत होती. पडद्यावर अक्षरं होती पण तिला दिसत होती आपली मागची बाग. पाण्याच्या पिंपाजवळची ओळ. ऑलिव्ह राहायला आली तेव्हा कपड्यांच्या पेटीत तिनं कागदाच्या पुडीत बी आणलं होतं. मेव्हिसनं विचारलं होतं, हे कशाला गं. आई म्हणाली होती, फुलं छान दिसतात. मोठी पांढरी फुलं, उन्हाळ्यात यायची, दोन दिवसांत गळायची. बोंडं ऑलिव्ह स्वतः खुडायची. स्वयंपाकघराच्या फडताळात एका बरणीत ती वाळलेली पडलेली असायची, आणि मेव्हिस आल्याबिल्याला हात घालताना ती बाजूला सारायची.

जेम्मा. किती गुणाची. दुपारभर निजते.

ती उठली तेव्हा खुर्ची मागे पडली. ग्रंथालयातल्या बाईनं फोन पुढे केला. मेव्हिसनं घरचा नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. ऑलिव्ह फोन कधीच उचलत नसे, त्याच्यात विजेचा झटका असतो म्हणायची. पंपावर फोन केला, तर रेग पलीकडच्या चरावर गाळ काढायला गेलेला. शेजारच्यांकडेही कुणी फोन उचलेना.

"बस कधी आहे?" मेव्हिस विचारत होती, पण कुणाला विचारतेय ते तिलाच कळत नव्हतं.

"बस मरू दे," पर्लनं तिचा कोट उचलला. "टॅक्सी करू. चल. चल म्हणते ना!"

शहराबाहेर पडेपर्यंत ठीक होतं. मग धुकं लागलं. पुढे बिटाचा ट्रक, मागचा दिवा फक्त दिसत होता, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना चर. टॅक्सीवाला तरुण होता, मान पुढे काढून चालवत होता. "बाई, याला ओलांडायला गेलो तर तिघंही पाण्यात जाऊ."

"जाऊ दे त्याला, त्याच्या मागेच राहा," पर्ल म्हणाली आणि मेव्हिसचा हात दाबून धरला. मेव्हिस काहीतरी पुटपुटत होती. पर्लला वाटलं प्रार्थना असेल. ती म्हणत होती, "दात येत होते तिला. सकाळी रडत होती. दात येत होते."

घर उबदार होतं. शेगडी पेटलेली, काचेवर वाफ. ऑलिव्ह टेबलाशी बसून गाजरं सोलत होती. लेक दारातून धडपडत आत आलेली पाहून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू! आत्ता कुठं निजलीय."

जेम्माचा चेहरा मेणासारखा झाला होता. ओठांच्या कडा निळसर. मेव्हिसनं उचलली तर मान मागे लटकली. श्वास होता, पण एक झाला की दुसरा येईल की नाही याची वाट बघावी लागत होती.

"फोन कर," मेव्हिस पर्लला म्हणाली, आणि पोरीला घेऊन थंड अंगणात गेली. तळपाय चोळले, गालावर चापट्या मारल्या, पिंपातलं गार पाणी तोंडावर शिंपडलं. "जेम्मा! ए जेम्मा! डोळे उघड! उघड ना गं डोळे!" पोरीनं एकदा भुवई हलवली. मेव्हिस चालत राहिली, हलवत राहिली, ओरडत राहिली, ॲम्ब्युलन्सचा निळा दिवा धुक्यातून येईपर्यंत.

मागे दारात ऑलिव्ह उभी होती, काठीवर टेकून. "एवढा गाजावाजा कशाला चाललाय?" ती पर्लला विचारत होती. "निजलेल्या पोराला असं कुणी उठवतं का?"

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरनं विचारलं, काय दिलं होतं. मेव्हिसनं एका दमात सांगितलं. अफूची बोंडं, घरच्या बागेतली, उकळून, आईनं. आईचं नावसुद्धा सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या पापण्या उघडून पाहिल्या आणि दुसरं काही न विचारता सुई मागवली. थोड्या वेळानं पडद्यामागून रडणं ऐकू आलं. चिडलेलं, भुकेलं, कान फाडणारं. पर्ल सॅलाबँक, जी नवऱ्याच्या अंत्यविधीलाही रडली नव्हती, ती भिंतीला टेकून रडायला लागली.

जॅनिस कामाच्या एप्रनमध्येच धावत आली. हिरवे डाग पडलेले हात तिनं आईच्या खांद्यावर ठेवले, आणि मग काढून घेतले.

"तू तिला तिच्याजवळ टाकून ग्रंथालयात जायचीस?"

"हो."

"आणि ती काय देते तुला ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं."

"मलाही दिलं असेल ना लहानपणी," जॅनिस म्हणाली. मग आत गेली, आणि पडदा ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हिस आईसमोर जाऊन बसली. रात्रभर तिच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती जेम्माची नव्हती. त्या सगळ्या दाखल्यांत एक दाखला होता जो तिनं कधी मागवला नव्हता, मागवायचा विचारही येऊ दिला नव्हता. तिचा पहिला मुलगा, रॉय. बटाट्याच्या हंगामात, चार महिन्यांचा होऊन गेला. छातीत कफ झाला, असं डॉक्टर म्हणाले होते. मेव्हिस त्या दिवशी शेतात होती.

"आई. केझाया आजीबद्दल सांग."

ऑलिव्हला आज ऐकू येत होतं. "माझी आजी वाईट नव्हती," ती म्हणाली. "तुम्ही कागद वाचता आणि तुम्हाला वाटतं कळलं सगळं. पहाटे मुकादम यायचा, बाया अंधारातच निघायच्या, परत यायच्या त्याही अंधारात. पोरं भुकेनं कोकलायची. दूध कुठून आणायचं तिनं? स्वतःच्या घरात नव्हतं. निजली की भूक कळत नाही. आया संध्याकाळी यायच्या, पोर शांत बघून आशीर्वाद द्यायच्या तिला. सगळ्यांना ठाऊक होतं, मेव्हिस. कुणी विचारलं नाही कारण सगळ्यांना ठाऊक होतं."

"आणि जी उठली नाहीत ती?"

"आजी म्हणायची, ती तशीही राहिली नसती."

बाहेर कुठंतरी पंप चालू झाला. मेव्हिसनं आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले. "रॉयला दिलं होतंस?"

ऑलिव्हनं एप्रनच्या कडेचा दोरा ओढला. ओढत राहिली. "खोकला होता त्याला. दोन रात्री तू डोळ्याला डोळा लावला नव्हतास. मुकादमाची गाडी दारात उभी, आणि तू पोराला सोडून निघेनास. मी म्हटलं, जा, मी निजवते. थोडंच दिलं. तुलाही दिलं होतं मी तान्ही असताना. तू उठलीस."

"आणि तो?"

"तो नाही उठला."

मेव्हिसला वाटलं होतं आपण किंचाळू. तसं झालं नाही. "तरी नंतर जॅनिसला दिलंस. गावातल्या पोरांना दिलंस. काल जेम्माला दिलंस."

"वाढली ना ती सगळी? अर्धं गाव मी निजवलंय, फिरतंय ना गाव?" ऑलिव्हनं आपला उजवा हात वर धरला आणि त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं बघितलं. "कालचं मात्र माप चुकलं असेल. हात आता पहिल्यासारखा राहिला नाही."

मेव्हिस बागेत गेली आणि पिंपाजवळची वाळलेली ताटं मुळासकट उपटायला लागली. उपटताना पुन्हा वाकली, जशी जन्मभर वाकली होती. रेग मागून आला. तिनं त्याला उभ्या उभ्याच सांगितलं, रॉयचं. रेगनं तिच्या हातातलं फावडं घेतलं, बाकीची जमीन स्वतः खणून काढली, ताटं जाळली, आणि पंपावर निघून गेला. ऑलिव्ह त्या घरात राहिली तोवर तो तिच्याबरोबर एका टेबलावर जेवायला बसला नाही. ताट घेऊन शेडमध्ये जायचा.

हॉस्पिटलनं कळवलं होतं, त्यामुळे चौकशीला एक पोलीसबाई आणि कौन्सिलचा एक माणूस आला. ऑलिव्हनं त्यांना चहा केला, बशीत बिस्किटं मांडली, साखर किती विचारली. दोघांनी कप हातात धरले आणि शेवटपर्यंत कुणी ओठाला लावला नाही. वय बघून खटला झाला नाही. ऑलिव्हला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवलं. मेव्हिस रविवारी जायची. काय बोलायची ते तिनं कुणाला सांगितलं नाही. हिवाळा संपता संपता ऑलिव्ह झोपेतच गेली.

गावाला तोवर सगळं कळलेलं होतं. पर्लनं तोंड शिवून ठेवलं होतं, हे तिच्या आयुष्यातलं पहिलंच, पण टॅक्सीवाला हॅडनीतल्याच एका पोरीचा मित्र निघाला. पबमध्ये लोकांनी विनोद केले. सेचेलांकडे चहाला जाताय का, जागे राहून या म्हणजे झालं. मेव्हिसला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. एका दुपारी दार वाजलं. बाहेर हेझल होती, बेकरीमागच्या गल्लीतली, सत्तरीच्या घरातली. कधी फारसं बोलणं नव्हतं तिच्याशी. हातात रुमाल घट्ट धरलेला.

"मेव्हिस, माझा डेरेक," हेझल उंबऱ्यातच म्हणाली. "सहा महिन्यांचा होता. तो त्या दिवशी तुझ्या आईकडेच होता गं. मी इतकी वर्षं म्हणत आले, दैव. तुला कळेल का शोधून?"

मेव्हिसनं तिला आत घेतलं, बसवलं. काय शोधणार होती ती? कागदावर रोगाचं नाव असणार होतं, दुसरं काही नाही. तिनं तसं सांगितलं. हेझल मान हलवत राहिली, आणि जाताना म्हणाली, "मी त्या दिवशी तिला धन्यवाद दिले होते. इतकी शांत झोप लागली होती त्याला म्हणून." तिच्यानंतर आणखी आल्या. काही आत आल्या, काही फाटकाशीच उभ्या राहून परत गेल्या. मेव्हिसला रस्त्यावरून कुणी म्हातारी येताना दिसली की ती स्वतः जाऊन दार उघडायची. लपून बसायची नाही. तेवढं आपल्याकडे लागतं, असं ती पर्लला म्हणाली.

जॅनिस सगळा हिवाळा आली नाही. जेम्माला तिनं शहरातल्या पाळणाघरात घातलं. ऑलिव्हच्या अंत्यविधीलाही आली नाही. ट्यूलिपच्या शेतांत रंग भरले तेव्हा एका रविवारी गाडी दाराशी थांबली. जेम्मा आता चालत होती, पडत होती, उठत होती. मेव्हिसनं तिला उचललं नाही. अंगणात गुडघ्यावर बसून नुसतं बघत राहिली.

दोघी पायरीवर बसल्या. जॅनिसनं विचारलं, "आई, एक सांग. खरं सांग. रॉयच्या वेळी तुला ठाऊक असतं, ती काय देते ते, तर तू त्या दिवशी बटाट्याला गेली नसतीस ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं. जॅनिसला तेच ऐकायचं होतं. मेव्हिसही मनातल्या मनात स्वतःला तेच सांगत आली होती, गेले सहा महिने.

"तेव्हा घर मुकादमाच्या मालकाचं होतं," ती म्हणाली. "एक दिवस गेलं नाही की दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड रस्त्यावर. गेले असते मी, जॅनिस."

"मग त्याला कुणापाशी ठेवलं असतंस?"

शेजारच्या बाया टोळीत, सासू मेलेली, बाकी गाव शेतात. मेव्हिसनं खूप विचार केला, अगदी प्रामाणिकपणे केला, आणि त्या सबंध गावात तिला दुसरं एकही दार आठवेना.

जॅनिस उठली. जेम्मा चराच्या दिशेनं दुडदुडत निघाली होती. "थांब गं, तिकडे पाणी आहे," असं म्हणत जॅनिस तिच्यामागे धावली, आणि अर्ध्या वाटेत वळून आईला म्हणाली, "बसलीस काय? तू त्या बाजूनं ये."

मेव्हिस गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि त्या बाजूनं निघाली.